जज ठेवायचा की काढायचा हे मतपेटीवर सोडू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्याकडे एखादा कोर्टाचा निकाल लोकांना पटला नाही की लगेच व्हॉट्सॲपवर मेसेज फिरायला लागतो, की हे जज कोण लागून गेले, आमदार-खासदाराला पाच वर्षांनी लोकांसमोर यावं लागतं मग यांना का नाही, अमेरिकेत बघा लोक मत देऊन जजला घरी पाठवतात. वाचकांच्या पत्रांतही हा सूर अधूनमधून दिसतो. मी मूळचा साताऱ्याचा, आता बरीच वर्षं अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात राहतो, इथला मतदार आहे, आणि ज्या मतदानाचं उदाहरण दिलं जातं ते मी स्वतः करतो म्हणून लिहावंसं वाटलं. माझं म्हणणं आधीच सांगतो: यातलं मतदान आपण उचलू नये, पण त्याच्या अवतीभवती जे आहे, म्हणजे जज निवडायची पद्धत आणि त्याच्या कामाचा जाहीर अहवाल, ते मात्र जरूर उचलावं.

एक गोष्ट मेसेजमध्ये नेहमी गाळली जाते. वॉशिंग्टनमधल्या देशाच्या सुप्रीम कोर्टाच्या जजना कोणी मत देत नाही, त्यांना राष्ट्राध्यक्ष नेमतो, सिनेट मान्यता देते आणि ते तहहयात असतात. मतदान असतं ते राज्यांच्या कोर्टांसाठी. इथे प्रत्येक राज्याचं वेगळं सुप्रीम कोर्ट आहे आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. काही राज्यांत जज सरळ एकमेकांविरुद्ध उभे राहून निवडणूक लढवतात, विस्कॉन्सिनमध्ये एप्रिल 2025 मध्ये एका जागेसाठी किती अफाट पैसा ओतला गेला ते बातम्यांत आलंच होतं. पण वीसेक राज्यांत रिटेन्शन इलेक्शन असतं. त्यात समोर दुसरा उमेदवार नसतोच, फक्त एवढाच प्रश्न असतो की या जजला आणखी एक टर्म ठेवायचं का, हो की नाही.

4 नोव्हेंबर 2025 ला आमच्याकडे राज्याच्या सुप्रीम कोर्टाचे असे तीन जज बॅलटवर होते, क्रिस्टीन डोनोह्यू, केविन डॉहर्टी आणि डेव्हिड वेक्ट. तिघं 2015 साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेले, कारण आमच्या राज्यात पहिल्यांदा पक्षाच्या नावावरच लढायचं आणि मग दर दहा वर्षांनी हो-नाही. आता गंमत बघा, ज्या मतदारानं दहा वर्षांपूर्वी पक्ष बघून मत दिलं त्यालाच आता बॅलटवर पक्ष दिसत नाही, नुसतं नाव दिसतं. त्या नावापलीकडे माणसाला काय माहिती असते? निकालपत्रं कोण वाचतो? मग रिकामी जागा भरायला टपालात येतात ती पत्रकं आणि यूट्यूबच्या जाहिराती. एका बाजूची पत्रकं म्हणत होती गर्भपाताचा हक्क वाचवा, हो म्हणा, दुसऱ्या बाजूची म्हणत होती या लोकांना टर्म लिमिट लावा, नाही म्हणा. तिघं पडले असते तर पाच डेमोक्रॅट आणि दोन रिपब्लिकन असं कोर्ट दोन-दोनवर आलं असतं, खरी लढाई त्याची होती, आणि त्यासाठी एक कोटी डॉलरच्या वर पैसा खर्च झाला. जजचं काम कसं आहे, सुनावणी वेळेवर घेतात का, निकाल स्पष्ट लिहितात का, समोरच्या पक्षकाराशी नीट बोलतात का, यावर कुठे अक्षर नव्हतं. तिघंही साठ टक्क्यांच्या वर मतं घेऊन टिकले, मीही तिघांना हो म्हटलं, पण मी ते वकिलांच्या संघटनेचं मत आणि थोडे निकाल शोधून वाचून केलं, आणि आमच्या गल्लीत किती जणांना तेवढा वेळ असतो हे मला माहिती आहे.

ही पद्धत निघाली कशी तेही सांगायला हवं, कारण ती वाईट हेतूनं निघाली नव्हती. कॅलिफोर्नियानं 1934 मध्ये हो-नाहीचं मतदान सुरू केलं, पण नाव झालं ते मिझुरीचं. मिझुरीत कॅन्सस सिटी शहर टॉम पेंडरगास्ट नावाच्या बॉसच्या मुठीत होतं. पदं, कंत्राटं, मतं सगळं त्याच्या ऑफिसातून ठरायचं, आणि जजही निवडणुकीनं यायचे म्हणजे तेही बॉसच्या मर्जीचे. लोक कंटाळले आणि 1940 मध्ये मतदारांनीच घटनेत बदल केला. सात जणांचा आयोग, त्यात वकिलांनी निवडलेले तीन वकील, गव्हर्नरनं (म्हणजे राज्याच्या निवडून आलेल्या प्रमुखानं) नेमलेले तीन सामान्य नागरिक आणि सुप्रीम कोर्टाचा एक जज. आयोग तीन नावं पाठवणार, गव्हर्नरला त्यातलंच एक घ्यावं लागणार. मग नेमलेल्या जजनं किमान वर्षभर काम केल्यावर लोक हो-नाही म्हणणार. हे शेवटचं कलम मला वाटतं लोकांना समजावण्यापुरतं होतं, की तुमचं मत आम्ही काढून घेत नाही हो, बघा, आहेच. खरं काम केलं ते आयोगानं. मिझुरीच्या सुप्रीम कोर्टाचा एकही जज आजवर या मतदानात पडलेला नाही, आणि तरी पेंडरगास्टच्या काळासारखे जज परत आले नाहीत, यातच कुठल्या भागाचा उपयोग झाला ते कळतं.

शेजारच्या कॅन्सस राज्याची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. 1956 मध्ये गव्हर्नर फ्रेड हॉल स्वतःच्याच पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे उमेदवार निवडायच्या मतदानात, हरला. राज्याचे चीफ जस्टिस बिल स्मिथ आजारी होते, त्यांनी राजीनामा दिला. मग हॉलनं गव्हर्नरपदाचा राजीनामा दिला, उपगव्हर्नर जॉन मॅककुइश काही दिवसांसाठी गव्हर्नर झाला, आणि त्यानं पहिलं काम काय केलं तर हॉलला सुप्रीम कोर्टाचा जज नेमलं! लोक इतके चिडले की 1958 मध्ये त्यांनी मिझुरीसारखा आयोग घटनेत घालून घेतला. आता तिथल्या विधिमंडळानं 2025 मध्ये ठराव केलाय की हा आयोग मोडून जजची थेट निवडणूक करायची का हे ऑगस्ट 2026 मध्ये मतदारांना विचारायचं. ज्यांनी घोटाळा पाहिला ती पिढी गेली की असं होतं.

आता मतदानानं काय होतं ते सांगतो, आणि आमच्याच राज्यापासून सुरू करतो. 2005 च्या जुलैमध्ये राज्याच्या राजधानीत, हॅरिसबर्गला, विधिमंडळानं रात्री दोन वाजता, काही चर्चा न करता, स्वतःचे पगार वाढवून घेतले. त्याच बिलात जजचे आणि बड्या अधिकाऱ्यांचेही पगार वाढले. सकाळी बातमी फुटली आणि राज्यभर संताप, पेपरांत अग्रलेख, रेडिओवर शिव्या, लोक नोव्हेंबरची वाट बघत बसले. पण नोव्हेंबर 2005 मध्ये एकाही आमदाराची निवडणूक नव्हती! राज्यपातळीवर बॅलटवर होते सुप्रीम कोर्टाचे दोन जज, रसेल नायग्रो आणि सँड्रा शुल्ट्झ न्यूमन. लोकांनी हाताशी जे होतं त्यावर राग काढला. नायग्रो थोडक्यात पडले, न्यूमन कशाबशा वाचल्या. त्या बिलावर नायग्रोंनी मत दिलं नव्हतं, देऊच शकत नव्हते, ते काही आमदार नव्हते. हां, तेव्हाच्या चीफ जस्टिसनी पगारवाढीची बाजू घेतली होती हे खरं, पण ते बॅलटवरच नव्हते. पेनसिल्व्हेनियाच्या इतिहासात रिटेन्शनमध्ये पडलेले सुप्रीम कोर्टाचे पहिले जज नायग्रो, आणि पडले ते त्यांच्या कुठल्याही निकालासाठी नाही, कुठल्या गैरवर्तनासाठी नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

लोक म्हणतील ही एखादी चूक झाली. बरं, मग आयोवा घ्या. 3 एप्रिल 2009 ला आयोवाच्या सुप्रीम कोर्टानं व्हार्नम विरुद्ध ब्रायन खटल्यात निकाल दिला की समलिंगी जोडप्यांना लग्न नाकारणं राज्यघटनेच्या समानतेच्या हमीत बसत नाही. सातही जज एकमतानं, आणि निकाल लिहिला मार्क केडींनी, ज्यांना रिपब्लिकन गव्हर्नरनं नेमलं होतं. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये सातपैकी तिघांची पाळी होती, चीफ जस्टिस मार्शा टर्नस, मायकल स्ट्रेट आणि डेव्हिड बेकर. बॉब व्हँडर प्लाट्स नावाचे तिथले राजकारणी मोहीम घेऊन उतरले, राज्याबाहेरच्या संघटनांनी पैसा लावला, बस काढून गावोगाव फिरले. तिघा जजनी ठरवलं की आपण पैसे गोळा करायचे नाहीत, प्रचार करायचा नाही, कारण आज ज्यांच्याकडून देणगी घेणार ते उद्या आपल्याच कोर्टात उभे राहणार. तिघंही पडले, 45-46 टक्के मतांवर. 1962 पासून त्या राज्यात असं कधी झालं नव्हतं.

आता यातनं झालं काय ते नीट बघा. निकाल बदलला नाही. एक दिवसही नाही. आयोवातली लग्नं चालूच राहिली आणि 2015 मध्ये देशाच्या सुप्रीम कोर्टानं तेच सगळ्या देशासाठी सांगितलं. डेव्हिड बेकर तर 2008 मध्ये नेमलेले, कोर्टात बसून जेमतेम दोन वर्षं झाली होती. ज्यांनी निकाल लिहिला ते केडी त्या वर्षी बॅलटवर नव्हते म्हणून वाचले, 2016 मध्ये त्यांची पाळी आली तोवर वारं फिरलं होतं आणि ते आरामात टिकले. म्हणजे एकाच निकालासाठी तिघं गेले आणि चौघं राहिले, तेही फक्त कुणाची टर्म कधी संपते त्यावर. यात लोकांपुढे उत्तरदायित्व कुठे आलं? याला मी नशीब म्हणतो. पण देशभरातल्या प्रत्येक जजला निरोप पोचला, आणि मला खात्री आहे मोहिमेमागच्या लोकांना तेच हवं होतं, आयोवातल्या लग्नांपेक्षा तो निरोप.

टेनेसीत 1996 मध्ये पेनी व्हाइट यांचं तेच झालं. एका फाशीच्या खटल्यात कोर्टानं दोष कायम ठेवला पण शिक्षेची सुनावणी पुन्हा घ्या असं सांगितलं. निकाल व्हाइट यांनी लिहिलाही नव्हता, त्या कोर्टात त्यांनी ऐकलेली फाशीची ती एकच केस, पण त्या ऑगस्टमध्ये बॅलटवर त्या एकट्याच होत्या. पडल्या. आणि गव्हर्नर डॉन संडक्विस्ट उघड म्हणाले की निकाल देताना जजनी आपल्याला काढतील का म्हणून मागे वळून बघावं अशी माझी इच्छाच आहे. मला हे वाक्य वाचून अजून राग येतो. फाशीच्या खटल्यात जजनं पुरावा आणि कायदा बघायचा, का मागे कोण उभं आहे ते?

समोरच्या बाजूचं सगळ्यात तगडं उदाहरण कॅलिफोर्नियाचं आहे आणि ते टाळून मी पुढे जाणार नाही. रोझ बर्ड 1977 मध्ये तिथल्या चीफ जस्टिस झाल्या, त्या कोर्टावरची पहिली स्त्री. त्यांच्यासमोर फाशीची जेवढी अपिलं आली त्या प्रत्येकात त्यांनी शिक्षा रद्द करण्याच्या बाजूनं मत दिलं, एकही अपवाद नाही. मतदारांनी तर फाशीचा कायदा स्वतः मत देऊन आणला होता. 1986 मध्ये लोकांनी त्यांना मोठ्या फरकानं काढलं, आणि इथे मी मान्य करतो की लोकांच्या रागाला आधार होता, कारण प्रत्येक वेळी एकच उत्तर येत असेल तर कायदा वाचला जातोय की मन वाचलं जातंय हा प्रश्न रास्त आहे. पण त्यांच्याबरोबर त्याच लाटेत क्रूझ रेनोसो आणि जोसेफ ग्रोडिन हेही गेले, ज्यांचं रेकॉर्ड अगदी बर्डसारखं नव्हतं. रेनोसो त्या कोर्टाचे पहिले लॅटिनो जज. हो-नाहीच्या बॅलटला असा फरक करता येत नाही, पोस्टरवर तीन फोटो एकत्र छापले की तिघं एकत्र जातात. आणि त्याच कोर्टाचे जज ऑटो कॉस यांनी म्हटलेलं इथल्या वकिलांना तोंडपाठ आहे, की निवडणूक जवळ असताना वादग्रस्त खटला ऐकणं म्हणजे सकाळी दाढी करायला गेलं आणि बाथटबमध्ये मगर दिसली तसं, ती आहे हे माहिती असतं, विचार करायचा नाही म्हटलं तरी दुसरं काही सुचत नाही. निवडणुकीच्या वर्षी दिलेल्या आपल्या मतावर त्या भीतीचा किती परिणाम झाला ते आपल्यालाही सांगता येत नाही, असं तो माणूस प्रामाणिकपणे बोलून गेला. जज स्वतः हे म्हणतोय यापेक्षा मोठा पुरावा मला नको.

आणखी दोन सांगून थांबतो. इलिनॉयमध्ये टिकायला 60 टक्के लागतात, 2020 मध्ये थॉमस किलब्राइड यांना निम्म्याहून जास्त लोक हो म्हणाले तरी ते गेले. 2024 मध्ये ओक्लाहोमात यव्हॉन कॉगर, 1984 पासून सुप्रीम कोर्टावर, केसाच्या फरकानं पडल्या, तिथला तो पहिलाच प्रसंग. आणि ओक्लाहोमानं ही पद्धत कशासाठी आणली होती, तर साठच्या दशकात त्या कोर्टाचे जज चक्क लाच घेताना सापडले म्हणून! लाचखोर जज काढायला बनवलेलं हत्यार इतक्या वर्षांनी पहिल्यांदा चाललं ते एका म्हाताऱ्या बाईंवर, जिच्यावर लाचेचा आरोपसुद्धा नव्हता.

मग इथले लोक हे मतदान बंद का नाही करत? विचारून बघितलं गेलंय. ॲरिझोनात एप्रिल 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं 1864 चा गर्भपातबंदीचा कायदा लागू होतो असा निकाल दिला, केवढा गदारोळ झाला. नोव्हेंबरमध्ये त्या निकालाच्या बाजूचे दोन जज, क्लिंट बोलिक आणि कॅथरिन किंग, बॅलटवर होते, आणि त्याच बॅलटवर विधिमंडळानं एक प्रस्ताव ठेवला की जजना दर काही वर्षांनी मतदारांसमोर आणायची गरज नको. लोकांनी काय केलं? दोघा जजना ठेवलं, आणि तो प्रस्ताव तीन-चतुर्थांशाहून जास्त मतांनी फेकून दिला. मला यातलं लोकांचं मन कळतं. हातातला हक्क कोणी काढून घ्यायला आलं की माणूस तो सोडत नाही, आणि का सोडावा, विशेषतः तो काढणारे पुढारी स्वतःच्या सोयीच्या जजना वाचवायला बघत असतील तर. इथे तो हक्क आहे तोवर मीही मत देणार, आणि कोणी निव्वळ एका निकालासाठी जज पाडा म्हणत असेल तर त्याच्या विरोधात देणार. पण आपल्याकडे जिथे तो नाहीये तिथे नव्यानं आणायचा का हा वेगळा प्रश्न आहे. जपानचंही उदाहरण देतात, तिथे 1949 पासून लोक सुप्रीम कोर्टाच्या जजवर फुली मारू शकतात, कोरी चिठ्ठी म्हणजे संमती, आणि आजवर एकही जज गेलेला नाही. म्हणजे एकतर ते कुणालाच काढत नाही, नाहीतर काढलं तर चुकीच्या वेळी चुकीच्या माणसाला, अशा मतदानाचा फायदा काय ते मला कोणी सांगावं.

आता जे घेण्यासारखं आहे ते. अलास्कात ज्युडिशियल कौन्सिल आहे, ती प्रत्येक जजबद्दल वकिलांना, पोलिसांना, सोशल वर्करना, कोर्टातल्या कर्मचाऱ्यांना, ज्युरीत बसलेल्या नागरिकांना विचारते, सगळं एकत्र करून जाहीर करते आणि ते मतदारांच्या घरी पुस्तिकेत छापून येतं. कोलोरॅडोत 1988 पासून असेच आयोग आहेत, वकील आणि बिगरवकील दोन्ही असलेले, ते निकालपत्रं वाचतात, कोर्टात जाऊन बसतात, जजची मुलाखत घेतात. त्यात या जजनं अमुक पक्षाविरुद्ध निकाल दिला असं नसतं, पक्षकाराला बोलू देतात का, तयारी करून येतात का, निकाल लांबवतात का, असं असतं. एखाद्या साध्या माणसाची केस कोर्टात असते ना तेव्हा त्याला हेच हवं असतं हो. आपल्याकडे तारखेला गावाहून एसटीनं येऊन पुढची तारीख घेऊन परत जाणाऱ्या माणसाला विचारा, त्याला जज पाडायचा नाहीये, त्याला निकाल हवाय.

आपल्याकडे काय आहे? खालच्या कोर्टाच्या जजचे गोपनीय अहवाल हायकोर्ट लिहितं, म्हणजे नावातच गोपनीय. हायकोर्ट-सुप्रीम कोर्टाच्या जजचा तेवढाही नाही. नेमणुका कॉलेजियम करतं, म्हणजे जजच जजना निवडतात. 2014 मध्ये संसदेनं न्यायिक नियुक्ती आयोग आणला, तो ऑक्टोबर 2015 मध्ये सुप्रीम कोर्टानं चार विरुद्ध एक असा रद्द केला, कारण त्यात सरकारचा हात घुसत होता, आणि ती भीती खोटी नव्हती, आणीबाणीत एकट्यानं वेगळा निकाल लिहिणाऱ्या एच. आर. खन्नांना 1977 मध्ये डावलून दुसऱ्याला सरन्यायाधीश केलं होतं हे आपण विसरलेलो नाही. काढायची प्रक्रिया बघाल तर 1993 मध्ये न्या. व्ही. रामस्वामींविरुद्धच्या ठरावाला लोकसभेत 196 मतं बाजूनं आणि विरोधात शून्य, तरी तो पडला, कारण काँग्रेसचे सदस्य मतदानापासून दूर राहिले आणि लागणारा आकडा भरला नाही. म्हणजे बेशिस्त जज काढता येत नाही ही तक्रार खरी आहे, मी तिला धुडकावत नाही. तिचं उत्तर लोकांकडून हो-नाही घेणं नाही एवढंच म्हणतोय. महाराष्ट्रात असं मतदान झालं तर आरक्षणाच्या किंवा पक्षफुटीच्या एका निकालावर कुठल्या जजचं काय होईल, कोण ट्रक भरून माणसं आणेल आणि पैसा कुठून येईल, हे मी साताऱ्याच्या माणसांना सांगायची गरज नाही.

त्याऐवजी मागायचं असेल तर हे मागूया. कॉलेजियमनं ऑक्टोबर 2017 पासून ठराव वेबसाइटवर टाकायला सुरुवात केली, त्यात कुणाला का घेतलं आणि कुणाला का नाही याची कारणं प्रत्येक वेळी पूर्ण द्यावीत. नावं सुचवणाऱ्या मंडळात जजबरोबर बाहेरची माणसं असावीत पण सरकारचं पारडं जड नसावं, मिझुरीचा हिशेब नीट वाचला तर तो जमवता येतो. आणि प्रत्येक हायकोर्टानं दरवर्षी छापावं की कुठल्या जजकडे सुनावणी संपून निकाल राखून ठेवलेले किती खटले किती महिने पडून आहेत. 2001 मध्ये अनिल राय खटल्यात सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय की सहा महिने उलटले तर पक्षकार खटला दुसऱ्या बेंचकडे द्या म्हणून मुख्य न्यायाधीशांकडे अर्ज करू शकतो. पण असा अर्ज करून जजचा राग कोण ओढवून घेणार? आकडा जाहीर असला तर अर्जाची वेळच येणार नाही.

पत्र लांबलंय, जागेप्रमाणे कापलंत तरी चालेल. अमेरिकेतली उदाहरणं कमी करा, पण राखून ठेवलेल्या निकालांच्या यादीची मागणी तेवढी ठेवा, आणि मुंबई हायकोर्टाकडे कुणी वाचक-वकील ती लेखी मागणार असतील तर त्यांचं उत्तर काय येतं तेही छापा, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक
पेनसिल्व्हेनिया, अमेरिका (मूळ सातारा)